पंप मिलीलिटर मोजतो, क्षार नाही: रीफ टँकच्या कोणत्या बाटल्या ढवळायच्या आणि कोणत्या नाहीत

(आजच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

मागच्या काही दिवसांत व्हॉइस नोटवर एकच प्रश्न फिरून फिरून आला. "डोसिंगच्या बाटल्यांखाली मॅग्नेटिक स्टरर लावू का? चोवीस तास चालू ठेवू का?" एका वाक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या: काही बाटल्यांना ढवळायची गरजच नसते, काहींना ढवळल्याशिवाय चालत नाही, आणि एक बाटली सतत ढवळली तर बिघडते. आता हे असं का, ते बघू.

आधी, डोसिंग कशासाठी?

नव्या श्रोत्यांसाठी थोडक्यात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच. प्रवाळ आणि काचेवर, दगडावर वाढणारं गुलाबी-जांभळं कोरॅलाइन शेवाळ हे त्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा बनवतात. समुद्राला त्याचा फरक पडत नाही. आपल्या वाकड-रावेतच्या हॉलमधल्या शंभर लिटरच्या टाकीला मात्र रोज पडतो. म्हणून जेवढं संपलं तेवढं परत घालायचं. हे काम डोसिंग पंप करतो.

आता मुद्द्याची गोष्ट. पंप मिलीलिटर मोजतो, क्षार मोजत नाही. तुम्ही ४० मिली सांगितलं की तो ४० मिली ओढणार. त्या ४० मिलीत आज किती माल आहे, ते त्याला कळत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन बरोबर चाललंय, इनपुट बदललंय, आणि एरर कुठेच दिसत नाही.

विरघळलेलं की तरंगणारं?

मीठ पाण्यात पूर्ण विरघळलं की ते पुन्हा तळाशी बसत नाही. महिनाभर ठेवा, वरचा घोट आणि खालचा घोट सारखाच खारट. हे खरं द्रावण. रंगाच्या डब्याचं तसं नाही. त्यात रंगाचे कण नुसते तरंगत असतात, ठेवलं की खाली बसतात.

आपल्या चाकणच्या कार प्लांटमध्ये कोणी पेंट शॉपला असेल तर त्याला विचारा. बॉडी बुडवतात ती सीईडीची टाकी कधीच स्थिर ठेवत नाहीत. सुट्टीच्या दिवशी सुद्धा पंप फिरत असतात, लाइट गेली तर जनरेटरवर. कारण पेंट एकदा तळाशी बसला की टाकी बिघडली. पण त्याच प्लांटमध्ये मिठाच्या पाण्याची टाकी कोणी रात्रभर ढवळत बसत नाही.

म्हणजे ढवळायचं की नाही, हे बाटलीच्या किमतीवर नाही, आत काय आहे त्यावर ठरतं.

एक: कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा

ही दोन्ही खरी द्रावणं. बनवताना एकदा नीट हलवा, बस्स. अर्ध्या बाटलीवर नवीन भरलंत तर मात्र पुन्हा हलवा, नाहीतर जड थर खाली आणि हलका वर असे बरेच दिवस राहू शकतात.

पण सोड्याची एक खोड आहे. खायचा सोडा २० अंशाला लिटरमागे जेमतेम ९६ ग्रॅम विरघळतो, १० अंशाला ८० च्या जरा वर. समजा तुम्ही मे महिन्यात लिटरला ९० ग्रॅमचं द्रावण बनवलं आणि बाटली ड्राय बाल्कनीत ठेवली. डिसेंबरच्या कडाक्याच्या रात्री त्यातले लिटरमागे आठ-नऊ ग्रॅम खडे होऊन तळाशी बसतील.

हिशोब करू. ४० मिलीत आधी ३.६ ग्रॅम सोडा जात होता, आता सव्वातीनच्या आसपास. शंभर लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला ३ ग्रॅम सोडा लागतो. म्हणजे रोज ०.१ डीकेएचपेक्षा थोडी जास्त तूट. दिसत नाही. दहा दिवसांनी टेस्ट किट १ पेक्षा जास्त घसरण दाखवतं आणि आपण पंपाला शिव्या घालतो.

इथे स्टरर हा उपाय नाही. खडे फिरत राहतील आणि एखादा नळीत अडकेल. उपाय साधा आहे: लिटरला ७० ग्रॅमच घाला आणि डोस त्या प्रमाणात वाढवा. मग बारा महिने निवांत.

दोन्ही बाटल्या वेगळ्या का, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट घट्ट अवस्थेत भेटले की लगेच खडू तयार होतो. टाकीत सुद्धा दोन्हींच्या डोसमध्ये वेळेचं अंतर ठेवा. आणि पाणी आरओचंच घ्या. आपल्याकडे २०१९ पासून दिवसाआड पाणी येतंय, त्यामुळे कितीतरी सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात. जड पाण्यात धुण्याचा सोडा टाकलात तर ते दुधाळ होतं. तो दुधाळपणा म्हणजे सोड्यातलं कार्बोनेट खडू होऊन वाया गेलं.

कॅल्शियम क्लोराइड विरघळताना पाणी चांगलंच तापतं, हेही लक्षात ठेवा. पाण्यात थोडं थोडं घाला आणि गार होईपर्यंत झाकण घट्ट लावू नका.

दोन: फायटोप्लँक्टन, पातळ खाद्य

हे पेंटसारखं. कण तळाशी बसणारच. नळी तळाशी असेल तर पहिल्या दिवशी घट्ट डोस जातो, नंतर नुसतं पाणी. इथे स्टरर हवाच, पण चोवीस तास नको. डोसच्या आधी एक-दोन मिनिटं हळू फिरवा, मग पंप. क्रम महत्त्वाचा: आधी ढवळणं, मग ओढणं. दोन्ही वेगळ्या टायमरवर असतील तर कधीतरी घड्याळं पुढेमागे होतात. एकाच कंट्रोलरवर, एकाच क्रमात ठेवा. जिवंत फायटो फ्रिजमध्येच राहू दे आणि हाताने बाटली उलटसुलट करून घाला.

तीन: चुन्याची निवळी

हीच ती ढवळून बिघडणारी बाटली. परदेशी व्हिडिओंत तिला काल्कवासर म्हणतात, आपण शाळेत चुन्याची निवळी म्हणायचो. नळीने फुंकर मारली की दुधाळ होते, आठवतंय? फुंकरीतला कार्बन डायऑक्साइड आणि चुना मिळून खडू झाला. उघड्या बाटलीत सतत स्टरर फिरवणं म्हणजे दिवसभर हळूहळू फुंकर मारणं. हवा आत जाते, चुना खडू होतो, आणि टाकीत पोचतं ते निकामी पाणी.

म्हणून एकदा ढवळा, झाकण लावा, काही तास निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणीच ओढा. नळीचं तोंड गाळाच्या वर. लिटरमागे चुना पावणेदोन ग्रॅमच्या आतच विरघळतो, आणि गंमत म्हणजे पाणी जितकं गरम तितका कमी. त्यामुळे जास्त चुना टाकून निवळी कडक होत नाही, गाळ तेवढा वाढतो.

हा गाळ टाकीत गेला तर पीएच एकदम चढतो आणि मासे, प्रवाळ सगळंच धोक्यात येतं. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. चष्मा आणि ग्लोव्ह्ज घाला, आणि लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. डोळ्यात चुना उडणं ही साधी गोष्ट नाही.

गुरुवारची लाइट

आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते, हे काही नवीन नाही. लाइट आल्यावर तुमचा कंट्रोलर काय करतो ते तपासा. राहिलेले चार डोस एकदम देत असेल तर ते सेटिंग आजच बंद करा. चुकलेला डोस चुकू द्यायचा. प्रवाळाला एका दिवसाची तूट सहन होते, एकदम बसलेला धक्का होत नाही.

आणि एक कायद्याचं

रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीत. मालवणला स्नॉर्केलिंग करताना उचललेला तुकडा घरी आणणं हा गुन्हा आहे, आणि कोणी "लाइव्ह रॉक" म्हणून समुद्रातला प्रवाळाचा दगड विकत असेल तर तोही त्यातच येतो. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर घेऊ नका. कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड आणा, त्यावरही कोरॅलाइन मस्त वाढतं.

तर आजचं काम एवढंच. आपापल्या बाटल्या उजेडासमोर धरा आणि तळाशी बघा. स्वच्छ असेल तर स्टररचे पैसे वाचले. खडे असतील तर द्रावण पातळ करा. खाद्याचा गाळ असेल तर डोसच्या आधी फिरवा. चुन्याचा असेल तर हात लावू नका, नळी तेवढी वर घ्या.

पुढच्या वेळी पंप कॅलिब्रेट कसा करायचा ते बघू. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा. भेटू!