पेटीतला कॅमेरा आणि कोकणातली ओल

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत माणसांची गरज निर्माण झाली आणि कोकणच्या मुस्लिम वस्त्यांतून असंख्य तरुण कुवेत, दुबई, सौदीला गेले. सुट्टीवर घरी परतताना त्यांच्या सामानात टेपरेकॉर्डर, घड्याळ, अत्तर आणि पुष्कळदा एक जपानी कॅमेरा असे. त्या काळी आपल्या देशात परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक बंधने होती, त्यामुळे अशा वस्तूची अपूर्वाई फार. निकाह, अकीका, हजला निघालेल्या आजी-आजोबांचा निरोप, असे सारे प्रसंग त्या कॅमेऱ्याने टिपले. पुढे मोबाइल आला आणि कॅमेरा चामडी कव्हरासकट पेटीत जाऊन पडला.

आता घराची वाटणी होते, माळा साफ होतो आणि तो कॅमेरा पुन्हा बाहेर येतो. भंगारात द्यावा की विकावा, असा प्रश्न घरच्यांना पडतो. दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत शहरांतील तरुण मुले रोलच्या कॅमेऱ्याकडे पुन्हा वळली आहेत आणि चालू स्थितीतल्या जुन्या कॅमेऱ्यांना गिऱ्हाईक आहे. तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरचे नाक्याचे गाव. येथून एक रस्ता विजयदुर्गाकडे आणि दुसरा वैभववाडीवरून घाट चढून कोल्हापूरकडे जातो. तिन्ही बाजूंची माणसे ज्या नाक्यावर उतरतात, तेथील घड्याळजी, मोबाइल दुरुस्तीवाले आणि स्टुडिओवाले यांच्यापुढे असा कॅमेरा आज ना उद्या येणारच. तो आल्यावर काय करावे आणि काय करू नये, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

रेंजफाइंडर म्हणजे काय?

आखातातून आलेले यातील बरेच कॅमेरे रेंजफाइंडर जातीचे असत. रेंजफाइंडर म्हणजे अंतर मापणारी रचना. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूस दोन खिडक्या असतात. डोळा लावला की चौकटीच्या मध्यभागी एक लहानसा पिवळसर ठिपका दिसतो आणि त्यात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवत नेली की या दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. त्या जुळल्या की फोकस बसला.

प्रकाशाच्या आणि अंधाऱ्या खोलीतील छिद्राच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत अकराव्या शतकातील इब्नुल हैसम यांचे नाव अग्रभागी आहे. बसऱ्यात जन्मलेल्या या विद्वानाने कैरो येथे काम केले. ३५ मिलिमीटर रोलच्या लहान कॅमेऱ्याला व्यापारी यश मिळवून देणारा लायका १९२५ मध्ये जर्मनीत बाजारात आला. तो ऑस्कर बर्नाक यांनी घडवला होता. १९३२ मध्ये त्याला अंतरमापक जोडला गेला, तर १९५४ मध्ये त्याचे एम-३ हे प्रसिद्ध मॉडेल निघाले. या जातीच्या कॅमेऱ्यात आरसा वरखाली होत नाही. त्यामुळे आवाज कमी, हादरा कमी आणि मंद उजेडातही हातात धरून फोटो घेता येतो. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये आपल्या देशात लायका घेऊनच फिरले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या होण्याच्या थोडाच वेळ आधी ते त्यांना भेटले होते. श्रीनगरच्या डोंगरउतारावर दुआ मागणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचा त्यांचा १९४८ चा फोटो जगभर गाजला.

हाती आलेला कॅमेरा ओळखा

आपल्याकडे हमखास भेटणारे नाव म्हणजे याशिका इलेक्ट्रो ३५. १९६६ मध्ये तो निघाला, तर त्याचे जी.एस.एन. हे मॉडेल १९७३ चे. त्याला ४५ मिलिमीटरची, एफ १.७ ची चांगली लेन्स आहे. वापरणाऱ्याने फक्त छिद्र ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो. बटण थोडे दाबल्यावर तांबडा दिवा लागला तर उजेड जास्त आहे, छिद्र लहान करावे. पिवळा लागला तर वेग मंद आहे, हात टेकवावा किंवा स्टँड लावावा.

हा कॅमेरा ५.६ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत असे. असे सेल आता बनत नाहीत. परंतु ६ व्होल्टचा ४ एलआर ४४ हा सेल आणि जागा भरून काढण्यासाठी एक स्प्रिंग किंवा धातूचा तुकडा एवढ्यावर काम भागते. सेलशिवाय मात्र तो एकाच वेगाने, सेकंदाच्या ५०० व्या भागाने चालतो. सेल नाही म्हणून ‘कॅमेरा बिघडला’ असे समजून तो कवडीमोलाने देऊन टाकू नये.

दुसरा कॅमेरा म्हणजे कॅनन कंपनीचा कॅनोनेट क्यूएल १७. त्याच्या १९७२ च्या मॉडेलला ४० मिलिमीटरची एफ १.७ ची लेन्स आहे. हा सेलशिवायही सर्व वेगांवर चालतो. सेल लागतो तो फक्त मीटरसाठी. जुना सेल १.३५ व्होल्टचा होता. त्याऐवजी १.५ व्होल्टचा साधा सेल घातला तर मीटर चुकीचे दाखवते. कानाच्या यंत्रात वापरतात तो ६७५ क्रमांकाचा सेल, बाजूने एक कडी घालून, बराच जवळचा पडतो. मात्र तो चालू केल्यावर काही आठवड्यांत संपतो.

क्वचित रशियन झोर्की किंवा फेड येतो. झोर्कीचा शटरवेग बदलायचा तर आधी तरफ ओढून शटर भरून घ्यावे आणि मगच चकती फिरवावी. हे न पाळल्यास आतील यंत्र मोडू शकते.

आधी रोल, मग बाकीचे

कॅमेरा हातात आला की मागचे झाकण उघडण्याची घाई करू नये. प्रथम रोल गुंडाळण्याची मूठ हलक्या हाताने फिरवून पाहावी. अडल्यासारखी वाटली तर आत रोल आहे. तळाचे बटण दाबून, बाणाच्या दिशेने ती सैल होईपर्यंत फिरवावी आणि मगच झाकण उघडावे. पेटीत वीस-तीस वर्षे पडलेल्या रोलवर घरातील मरहूम आईवडिलांचा फोटो असू शकतो. रंगीत रोल फिका पडतो, कृष्णधवल रोलवर पुष्कळदा बरेच काही शिल्लक असते. एका खटक्यात झाकण उघडणारा दुकानदार ती आठवण कायमची जाळून टाकतो. गिऱ्हाइकाची वस्तू ही अमानत आहे आणि तिच्यातला रोल तर दुप्पट अमानत आहे.

त्यानंतरची तपासणी दहा मिनिटांची आहे. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर असेल तर कानकाडीवर थोडे व्हिनेगर घेऊन पुसावे आणि पूर्ण कोरडे करावे. याशिका असेल तर फोटो घेऊन पुन्हा तरफ ओढताना आतून ‘खट्’ असा आवाज येतो का, ते ऐकावे. आवाज येत नसेल तर आतला रबराचा लहान तुकडा झिजून गेला आहे. त्यामुळे उजेडाचे गणित चुकते. तो बदलण्यासाठी कॅमेरा बराच उघडावा लागतो, म्हणून दुरुस्तीचा खर्च धरूनच किंमत ठरवावी.

अंतरमापक तपासण्यास चंद्र उत्तम. लेन्सची कडी अनंताच्या खुणेवर ठेवून रात्री चंद्राकडे पाहावे, दोन चंद्र एक झाले पाहिजेत. दिवसा दूरच्या डोंगरावरचा टॉवर चालतो. मग टेपने एक मीटर मोजून जवळचीही खात्री करावी. मागच्या झाकणाच्या खाचांत हात लावावा. तेथील काळा फोम चिकट डांबरासारखा झाला असेल तर प्रकाश आत शिरतो. तो लाकडी काडीने व स्पिरिटने काढून त्या जागी काळी लोकर किंवा पातळ फोम बसवता येतो. आपल्या शिंपी बंधूंच्या टोपलीत लागेल ते सारे सापडेल.

खरा शत्रू ओल

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हवेतील ओल साठ-सत्तर टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू लागतात. वेळ गेला तर ही बुरशी काचेवरचा लेप खाते आणि मग पुसूनही डाग जात नाही. ती पाहण्यासाठी लेन्स पूर्ण उघडून मागून टॉर्चचा उजेड टाकावा आणि तिरके पाहावे.

ज्या चामडी कव्हरात आपण कॅमेरा प्रेमाने जपून ठेवला, तेच ओल धरून ठेवते. म्हणून कव्हर वेगळे ठेवावे. कॅमेऱ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेल आणि ओल दाखवणारे एक लहान घड्याळ ठेवावे. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान असावा. तळेऱ्याला लागून असलेले कासार्डे सिलिका वाळूसाठी प्रसिद्ध आहे. काच ज्या सिलिकेची, तिला ओलीपासून वाचवणारे जेलही मुळात त्याच सिलिकेचे. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये, त्यासाठी जुनी कढई वेगळी ठेवावी. काही जण तांदळात कॅमेरा पुरतात. त्याचे पीठ यंत्रात शिरते, म्हणून ते टाळावे.

आगोटीची बेगमी करताना हा डबाही तयार करावा. दर पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून सर्व वेगांवर चालवावा. वापरात असलेले यंत्र जाम होत नाही. उन्हात ठेवताना मात्र मोठी सावधगिरी हवी. लायका आणि झोर्कीचे शटर कापडी पडद्याचे असते व पुढे आरसा नसतो. लेन्सचे तोंड सूर्याकडे राहिले तर भिंगाने कागद जळावा तसे पडद्याला भोक पडते. अशा कॅमेऱ्याला टोपी घातल्याशिवाय उन्हात ठेवूच नये.

काय उघडू नये

घड्याळजीचा हात कॅमेऱ्याला उपयोगी आहे, कारण बारीक स्क्रू आणि धीर हे दोन्ही त्याच्याकडे असते. परंतु घड्याळाची एक सवय येथे घातक ठरते, ती म्हणजे तेल देण्याची. शटरच्या पात्यांना तेलाचा थेंबही लागता कामा नये. पाती चिकटतात ती बहुधा तेल पसरल्यामुळेच.

दुसरी घातक सवय पुसण्याची. अंतरमापकाच्या आतील अर्धपारदर्शक आरसा कापडाने पुसला की त्याचा मुलामा निघून येतो आणि ठिपका कायमचा नाहीसा होतो. त्यावर फक्त फुंकणीची हवा मारावी. लेन्सच्या बाहेरच्या काचेलाही आधी हवा, मग मऊ कुंचला आणि शेवटी स्वच्छ कापड, हाच क्रम ठेवावा. द्रव कापडावर घ्यावा, काचेवर ओतू नये. स्वयंचलित फोटोची तरफ जुन्या कॅमेऱ्यात अडकून बसते, तिला हात लावू नये. जे येत नाही ते शिकेपर्यंत गिऱ्हाइकाच्या वस्तूवर प्रयोग करू नये. शिकण्यासाठी एखादा मोडका कॅमेरा विकत घ्यावा.

वापरणाऱ्याला दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, त्यामुळे लेन्सवर टोपी राहिली किंवा बोट आड आले तरी समजत नाही. आणि तरफ ओढताना रोल गुंडाळण्याची मूठ फिरते का, ते पाहावे. ती फिरत नसेल तर रोल पुढे सरकत नाही आणि अख्खे लग्न कोरे जाते.

ओले धान्य वर ठेवा

आता व्यवहाराची गोष्ट. सहीह मुस्लिममधील एक प्रसंग व्यापारी बंधूंना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्याला विचारण्यात आले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, हे बजावण्यात आले.

कोकणातल्या कॅमेऱ्याची गोष्ट याहून वेगळी नाही. येथेही पाऊसच आणि आत लपलेली ओलच. वरून चकचकीत पुसलेला कॅमेरा दूरच्या गिऱ्हाइकाला फोटो दाखवून विकणे आज सोपे झाले आहे. लेन्समधील बुरशी त्या फोटोत दिसत नाही. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यासोबत एक चिठ्ठी द्यावी. शटर सर्व वेगांवर चालते का, मीटर चालते का, अंतरमापक जुळतो का, फोम बदलला का आणि लेन्समध्ये बुरशी आहे का, एवढे पाच प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरे पुरेत. रोल घालून तपासला नसेल तर तसेच लिहावे. जो माल घरच्यांना त्याची किंमत माहीत नसल्याचा फायदा घेऊन घेतला, त्यातही बरकत नाही. विकायला आलेल्या विधवेला किंवा म्हाताऱ्याला त्या कॅमेऱ्याची खरी योग्यता आधी सांगावी, मग भाव करावा.

हा धंदा लाखोंचा नाही. रोल महाग आहेत, धुण्याची सोय मोठ्या शहरांत निवडक ठिकाणीच उरली आहे. परंतु दुकानाच्या कोपऱ्यात एक कोरडा डबा, चार स्क्रू-ड्रायव्हर आणि एक खरी चिठ्ठी एवढ्या भांडवलावर जोडधंदा उभा राहू शकतो. ज्या वस्तूसाठी कुणी वाळवंटात घाम गाळला, ती भंगाराच्या काट्यावर जाण्यापासून वाचते आणि कारागिराला हलाल रोजीचे आणखी एक दार उघडते. अल्लाह आपल्या हुन्नरात आणि रोजीत बरकत देवो.