उभ्या माणसांच्या शिरा

सकाळच्या लोकलमध्ये वाशिंदला बसायला जागा मिळेलच असे नाही. कितीतरी माणसांचा दिवस गाडीत उभ्याने सुरू होतो आणि वर्गात, दुकानात, कंपनीत उभ्यानेच सरतो. अशा पायांवर कधी निळ्या, वेड्यावाकड्या शिरा टरारून फुगतात. डॉक्टर त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. पुष्कळजण त्या कपड्याआड लपवतात, दुखणे अंगावर काढतात आणि एक दिवस घोट्याजवळ जखम होते, ती भरता भरत नाही.

कवी असल्याने मला ‘नीला’ हा शब्द आवडतो. नीला म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर. पायातले रक्त पोटरीचे स्नायू वर ढकलतात. ते खाली घसरू नये म्हणून नीलेत झडपा असतात. झडपा निकामी झाल्या की रक्त साचते, शीर फुगते. आनुवंशिकता, बाळंतपणे, वाढते वय, वजन आणि तासन्‌तास उभे राहणे यांमुळे हा धोका वाढतो.

पूर्वी जांघेत छेद घेऊन ती शीर ओढून काढत. आता सुईच्या छिद्रातून बारीक नळी आत सरकवतात आणि लेसरने किंवा रेडिओलहरींच्या सुमारे १२० अंश सेल्सिअस उष्णतेने शीर आतून बंद करतात. भूल बहुधा तेवढ्याच भागाला देतात. काहींना औषधाचा फेस टोचतात, काहींची शीर वैद्यकीय गोंदाने चिकटवतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली उष्णतेच्या उपचाराला पहिली, फेसाला दुसरी आणि शस्त्रक्रियेला तिसरी पसंती दिली.

‘शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ तीस वर्षे फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या माझ्या आपाने डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ‘पायातले बहुतेक रक्त खोलवरच्या नीलाच नेतात. बिघडलेली वाट बंद झाली की उरलेलेही चांगल्या वाटेने जाते.’ म्हणून आधी डॉपलर सोनोग्राफी करून खोल नीला तपासतात. आपा त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी आली.

पुढे दुसऱ्या शिरा फुगू शकतात. तेव्हा चालणे सोडू नये, दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारून घालावेत. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, याची रुग्णालयात आधी चौकशी करावी. शीर फुटून रक्त वाहू लागले, तर आडवे व्हावे, पाय उंच धरावा, जखम घट्ट दाबावी आणि मदत मागवावी. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर गुठळीची शंका धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.