मुळांचा श्वासोच्छ्वास

नांदुरा तालुक्यातील पूर्णेकाठच्या काळ्या जमिनीत झड लागली की पाणी साचते व उभी कपाशी माना टाकते. पाण्यात उभे असलेले झाड सुकावे, हे प्रथमदर्शनी विचित्रच. परंतु जनावरांप्रमाणे मुळेही अहोरात्र प्राणवायू घेऊन कर्बाम्ल वायू सोडतात आणि त्यातून मिळणाऱ्या शक्तीवर अन्नद्रव्ये शोषतात. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्यास मुळे गुदमरतात. कारण प्राणवायू हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट मंद गतीने सरकतो. भाताच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात. कपाशीस तशी सोय नाही. खारपाण जमिनीत सोडियममुळे मातीचे कण विस्कटून पोकळ्या बुजतात, म्हणून तेथे हाल अधिक. अशा पिवळ्या पिकास लगेच युरिया देणे म्हणजे पैसा अक्षरशः पाण्यात घालणे होय. प्रथम उताराकडे चर काढून पाणी काढावे, वाफसा येताच डवरणी करावी; नत्र त्यानंतर.