चेन्नईच्या वेशीवरील स्वस्त भूखंड : पंचायतीचा शिक्का पुरेसा का नाही?

चेन्नईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेने तांबरम ओलांडले, की गुडुवांचेरी, मरैमलै नगर, सिंगपेरुमाळ कोविल अशी स्थानके लागतात. रुळांच्या दोन्ही अंगांना कोठे भातशेती, कोठे तलाव, तर कोठे चुना फासलेल्या दगडांनी आखलेले रिकामे भूखंड दिसतात. शहरातील सदनिका परवडत नाही, अशा हजारो कुटुंबांचे स्वतःच्या घराचे स्वप्न या निमग्रामीण परिसरात आकाराला येते.

या परिसराला भाव आला तो प्रामुख्याने कारखान्यांमुळे. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे ह्युंदाईचे मोटार उत्पादन 1998 मध्ये सुरू झाले. त्यानंतर ओरगडमपर्यंत उद्योग पसरले. कारखाने मात्र कायमचे नसतात. श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना 2014 मध्ये, तर मरैमलै नगरमधील फोर्डचा कारखाना 2022 मध्ये बंद पडला. त्यांच्या भरवशावर घेतलेले भूखंड तेवढे जागच्या जागी राहिले.

नोकरी किंवा सोन्याचांदीच्या व्यवसायानिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला येथील व्यवहारात पहिली अडचण येते ती शब्दांची. 'ग्राउंड' म्हणजे येथे मैदान नव्हे, तर 2,400 चौरस फुटांचे माप. 'सेंट' म्हणजे एकराचा शंभरावा भाग, सुमारे 435.6 चौरस फूट. म्हणजे आपला एक गुंठा अडीच सेंटचा. 'पट्टा' हा शब्द सर्वांत फसवा. मराठीत त्यावरून भाडेपट्टा आठवतो, तमिळनाडूत मात्र पट्टा हा महसूल खात्याचा जमीनधारणेचा दाखला असून त्याचे स्थान बरेचसे सातबाऱ्यासारखे आहे. 'नंजै' म्हणजे ओलिताची जमीन, 'पुंजै' म्हणजे कोरडवाहू, 'नत्तम' म्हणजे गावठाण आणि 'पोरंबोक्कु' म्हणजे तलाव, ओढे, गायरान अशी सार्वजनिक वापराची सरकारी जमीन. कागदावर हा शेवटचा शब्द दिसला, तर किंमत कितीही कमी असली तरी खरेदीदाराने मागे फिरावे, हे उत्तम.

तथापि, सर्वाधिक नुकसान केले आहे ते 'पंचायत मंजूर' या दोन शब्दांनी. शेतजमिनीचे तुकडे पाडून, मधून अरुंद रस्ते काढून, ग्रामपंचायतीच्या सहीशिक्क्याचा नकाशा दाखवून भूखंड विकण्याची पद्धत येथे अनेक वर्षे सर्रास होती. वास्तविक तमिळनाडू नगर व ग्राम नियोजन कायदा, 1971 नुसार भूखंडांच्या आराखड्याला मंजुरी देणे हे नियोजन यंत्रणेचे काम आहे. महानगर क्षेत्रात ही यंत्रणा म्हणजे चेन्नई महानगर विकास प्राधिकरण आणि त्याबाहेर नगर व ग्राम नियोजन संचालनालय. पंचायतीला स्वतःच्या अधिकारात अशी मंजुरी देता येत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेत असत आणि नोंदणी झाली म्हणजे सारे कायदेशीर झाले, असा ग्राहकाचा समज होत असे.

हा समज 9 सप्टेंबर 2016 रोजी मोडला. शेतजमिनीवरील मंजुरीविना पाडलेल्या भूखंडांचे दस्त नोंदवू नयेत, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर दिला. मुलीच्या लग्नासाठी वा मुलाच्या शिक्षणासाठी भूखंड घेऊन ठेवणाऱ्यांना तो अडचणीच्या वेळी विकता येईना. मे 2017 मध्ये राज्य सरकारने नियमितीकरणाचे नियम काढले. ज्या आराखड्यातील किमान एका भूखंडाची विक्री 20 ऑक्टोबर 2016 पर्यंत नोंदली गेली होती, त्यांना शुल्क भरून नियमित होण्याची वाट मिळाली. अर्जाची मुदतही पुढे वारंवार वाढवण्यात आली. जलाशयांच्या जागेवरील भूखंडांना मात्र ही सवलत नाही. महाराष्ट्राने 2001 च्या गुंठेवारी कायद्याने हाताळलेला प्रश्न याच जातीचा होता.

प्राधिकरणाचे 1,189 चौरस किलोमीटरचे क्षेत्र ऑक्टोबर 2022 मध्ये 5,904 चौरस किलोमीटर करण्यात आले. त्यामुळे कोणत्या गावासाठी कोणाची मंजुरी हवी, हे तारीख पाहूनच ठरवावे लागते. घराच्या बांधकामाचा परवाना ही वेगळी बाब आहे. तो असला म्हणजे मूळ आराखडा मंजूर होता, असे सिद्ध होत नाही. शिवाय 500 चौरस मीटरहून मोठ्या जागेवरील नव्या भूखंड प्रकल्पाची तमिळनाडू रेरा प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक असते. मंजुरीचा क्रमांक विक्रेत्याच्या पत्रकावरून न घेता कार्यालयाच्या नोंदीत पडताळणे इष्ट.

मालकी तपासण्यासाठी भाररहित प्रमाणपत्र, म्हणजे येथील बोलीत 'ईसी', काढतात. त्यात नोंदणीकृत खरेदी, गहाण, वाटणी यांचा इतिहास कळतो. बँका साधारणतः तीस वर्षांचा मागतात. परंतु न नोंदवलेला करार किंवा वारसांचा न्यायालयीन वाद त्यात दिसेलच, असे नाही. बहुतेक जुने दस्त तमिळ भाषेत असल्याने ते वाचू शकणारा आणि विक्रेत्याशी संबंध नसलेला वकील गाठणे भाग आहे. त्याचे शुल्क वाचवणे महागात पडते.

कागद चोख असले तरी पाण्याचा प्रश्न उरतो. डिसेंबर 2015 च्या पुरात अड्यार नदीकाठची मुडिचूर, वरदराजपुरम ही वस्ती पाण्याखाली गेली. चेंगलपट्टु व कांचीपुरम हे जुन्या सिंचन तलावांचे जिल्हे आहेत, आणि तलावाखालील नंजै जमिनीला पाण्याची वाट ठाऊक असते, घरमालकाला नसते. म्हणून जागा पाहायची ती विक्रेत्याच्या मोफत गाडीतून उन्हाळ्यात नव्हे, तर नोव्हेंबरमध्ये, ईशान्य मोसमी पावसात. उन्हाळ्यात विहिरीला पाणी असते का, हे शेजारच्या घरी विचारावे.

अंदाजपत्रकात नोंदणीखर्चही धरावा लागतो. एप्रिल 2023 पासून मुद्रांक शुल्क 5, हस्तांतर शुल्क 2 आणि नोंदणी शुल्क 2 टक्के असे एकूण 9 टक्के लागतात. 20 लाखांच्या भूखंडावर 1 लाख 80 हजार रुपये. एप्रिल 2025 पासून महिलेच्या नावे 10 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला नोंदणी शुल्कात 1 टक्का सूट आहे. नोंदणीनंतर पट्ट्यावर खरेदीदाराचे नाव लागणे बाकी असते. भूखंड मूळ भूमापन क्रमांकाचा पोटहिस्सा असेल, तर भूमापकाने मोजणी केल्याखेरीज ते लागत नाही, आणि तोवर सरकारदरबारी जमीन जुन्याच मालकाच्या नावे दिसत राहते.