सहा नद्या आणि बारा कलमे

शाळेत इतिहास शिकलेल्या मराठी माणसापुढे ‘तह’ हा शब्द उच्चारताच त्याला ‘तहाची कलमे’ आठवतात. पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह; प्रत्येकाचे साल आणि कलमे पाठ करून आपण सर्वांनी गुण मिळविले आहेत. मात्र ती कलमे कोणी लिहिली, कोणत्या हिशेबावर लिहिली, त्यांपैकी किती खोडून पुन्हा लिहावी लागली, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच येई. दोन पक्ष भेटले आणि तह झाला, एवढ्यावर प्रकरण संपे. तह प्रत्यक्षात कसा घडतो हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने भारत आणि पाकिस्तान यांच्यातील १९६० चा सिंधू जलकरार पाहावा. तो घडण्यास जवळजवळ नऊ वर्षे लागली, आणि त्या काळातील बरेचसे काम मुत्सद्द्यांनी नव्हे, तर पाण्याची कोष्टके मांडून बसलेल्या पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यांनी केले.

पाटाच्या पाण्यावरची शेती ज्याने पाहिली आहे त्याला या भांडणाचे मूळ समजावून सांगावे लागणार नाही. पाटाच्या मुखाशी ज्याचे शेत, त्याची चिंता कमी. शेवटाकडच्या शेतकऱ्याचा जीव मात्र पाणी येईपर्यंत टांगणीला लागलेला. गावात निदान पाळी ठरवून देणारा पाटकरी असतो. दोन देशांमध्ये पाटकरी कोठून आणावयाचा? १९४७ च्या ऑगस्टमध्ये पंजाबची फाळणी झाली तेव्हा सरहद्दीची रेघ चालत्या कालव्यांवरून ओढली गेली. रावी नदीवरील माधोपूरचा आणि सतलजवरील फिरोजपूरचा बंधारा भारताकडे राहिला. त्यांतून निघणाऱ्या कालव्यांखाली भिजणारी पुष्कळशी जमीन पाकिस्तानात गेली. सिंधूच्या खोऱ्यात तेव्हा सुमारे २ कोटी ६० लाख एकर जमीन कालव्यांखाली होती. तीपैकी २ कोटी १० लाख एकर पाकिस्तानच्या वाट्यास आली.

काही महिने तात्पुरत्या करारावर निभावले. त्याची मुदत ३१ मार्च १९४८ रोजी संपली, आणि दुसऱ्याच दिवशी पूर्व पंजाबच्या सरकारने पलीकडे जाणाऱ्या कालव्यांचे पाणी बंद केले. ४ मे रोजी दिल्लीस उभय देशांत समझोता झाला खरा, परंतु तोवर जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. वरच्या अंगाचा शेजारी मनात आले की पाणी तोडू शकतो, हे पाकिस्तानला कळून चुकले. भारताचीही अडचण खोटी नव्हती. पूर्व पंजाब आणि राजस्थान यांची तहानलेली जमीन डोळ्यांपुढे होती, भाक्राचे काम हाती होते, आणि आपल्याच भूमीतून वाहणाऱ्या नद्यांचे पाणी किती काळ दुसऱ्यासाठी सोडीत राहावयाचे, हा प्रश्न गैरवाजवी म्हणता येणार नाही.

या कोंडीतून वाट सुचविली ती एका परक्या माणसाने. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष डेव्हिड लिलिएंथल हे १९५१ च्या आरंभी दोन्ही देशांत हिंडून गेले आणि परतल्यावर त्यांनी एक लेख लिहिला. हा प्रश्न राजकारणाचा नसून अभियांत्रिकीचा आहे, पाणी दोघांनाही पुरेल इतके आहे, आणि जागतिक बँकेने पुढाकार घ्यावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी ही कल्पना उचलली आणि त्याच वर्षी दोन्ही पंतप्रधानांना पत्रे लिहिली. हक्क कोणाचा हा वाद तूर्त बाजूस ठेवावा, कोणीही आपला हक्क सोडल्याचे मानले जाणार नाही, आणि अभियंत्यांना एकत्र बसू द्यावे, अशी त्यांची साधी सूचना होती. ती साधी होती म्हणूनच मान्य झाली.

मे १९५२ मध्ये अभियंते वॉशिंग्टनला जमले. भारताकडून अ. ना. खोसला, पाकिस्तानकडून एम. ए. हमीद आणि बँकेकडून जनरल रेमंड व्हीलर. पुढे कराचीस आणि दिल्लीस बैठका झाल्या. दीड वर्षाच्या मोजदादीनंतर दोन्ही पक्षांनी आपापल्या योजना पुढे ठेवल्या, त्यांतील आकडे मोठे मनोरंजक आहेत. वापरता येण्याजोगे एकूण पाणी भारताच्या मते ११ कोटी ९० लाख एकर-फूट होते, पाकिस्तानच्या मते ११ कोटी ८० लाख. म्हणजे नद्यांविषयी मतभेद जवळजवळ नव्हताच! वाटणीविषयी मात्र भारत म्हणे, आम्हांस २ कोटी ९० लाख हवे. पाकिस्तान म्हणे, तुम्हांस १ कोटी ५५ लाख पुरे. (एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट.)

लिलिएंथल यांची मूळ कल्पना अशी की संपूर्ण खोरे एक मानून दोन्ही देशांनी ते मिळून सांभाळावे. कल्पना उदात्त होती, पण ज्या दोन घरांमध्ये बोलणेचालणे बंद आहे त्यांना एकाच विहिरीवर एकच रहाट चालविण्यास सांगण्यासारखी होती. ५ फेब्रुवारी १९५४ रोजी बँकेने ती सोडून दिली आणि पाण्याऐवजी नद्याच वाटून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडील तीन नद्या भारताला. सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडील तीन पाकिस्तानला. संपूर्ण करारातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पाण्याची पाळी रोज मोजण्याचा प्रसंगच त्याने बव्हंशी टाळला.

भारताने पुढच्याच महिन्यात संमती दिली. पाकिस्तानची मात्र खरी अडचण होती: पूर्वेकडच्या नद्यांवर चालणारे त्याचे कालवे आता कशाने भरावयाचे? त्यासाठी पश्चिमेकडच्या नद्यांचे पाणी मोठमोठ्या जोडकालव्यांनी पूर्वेकडे आणणे भाग होते, आणि हिवाळ्यासाठी साठवणीची धरणेही हवी होती. खर्च कोणी सोसावयाचा यावर सहा वर्षे घासाघीस चालली. मधल्या काळात वेळोवेळी हंगामी करार करून कालवे चालू ठेवण्यात आले. भारताच्या वतीने निरंजनदास गुल्हाटी यांनी या वाटाघाटींची धुरा वाहिली. पुढे १९७३ मध्ये त्यांनी या प्रकरणावर एक ग्रंथही लिहिला. मे १९५९ मध्ये ब्लॅक आणि त्यांचे सहकारी डब्ल्यू. ए. बी. इलिफ दोन्ही राजधान्यांत येऊन गेले, तेव्हा कोठे गाठ सुटली. भारताने ठरावीक रक्कम द्यावी आणि उरलेला पैसा बँक व मित्रराष्ट्रे यांनी उभारावा, असे ठरले. भारताचा वाटा ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८३ कोटी रुपये, दहा वार्षिक हप्त्यांत.

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीस पंडित नेहरू आणि फील्ड मार्शल अयूबखान यांनी सह्या केल्या. तिसरी सही बँकेच्या वतीने इलिफ यांची आहे, पण ती काही ठरावीक कलमांपुरतीच. करारात कलमे अवघी बारा. परिशिष्टे मात्र आठ, आणि खरा करार त्या परिशिष्टांत आहे. पश्चिमेकडच्या नद्यांवर भारताने वीजघर बांधले तर पाणी किती अडवावे, त्याचे तोंड कोणत्या उंचीवर असावे, इतक्या बारकाव्यापर्यंत ती जातात. भांडण झाल्यास काय करावे याचीही पायरी बांधून दिली आहे. प्रथम दोन्ही देशांच्या आयुक्तांचा स्थायी सिंधू आयोग, मग तटस्थ तज्ज्ञ, अखेर लवाद न्यायालय. चिनाबवरील बगलिहार धरणाचा वाद तज्ज्ञापर्यंत गेला. स्विस अभियंता रेमंड लाफित यांनी २००७ मध्ये भारताची दरवाजांची सांडवा-योजना मान्य केली, पण धरणाच्या माथ्याची उंची दीड मीटरने कमी करण्यास सांगितले. किशनगंगेचा वाद लवादापुढे गेला आणि त्याचा अंतिम निवाडा २०१३ मध्ये आला.

कराराचे स्वागत सर्वांनीच केले असे नव्हे. नोव्हेंबर १९६० मध्ये लोकसभेत सरकार पक्षाच्या सभासदांनीही खरमरीत टीका केली. सहा नद्यांतील सुमारे पाचपैकी चार हिस्से पाणी पाकिस्तानला गेले आणि वर पैसेही मोजावे लागले, हा आक्षेप आजही ऐकू येतो. आकडा खरा आहे. परंतु पूर्वेकडच्या तीन नद्या निर्वेधपणे हाती आल्या नसत्या तर राजस्थान कालवा थरच्या वाळवंटात एवढा खोलवर पोहोचला असता काय, हाही हिशेब त्याच वहीत मांडावयास हवा.

१९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली, पण करार टिकला. १९६५ सालचा हप्तादेखील भारताने भरला. आयोगाची ११८ वी बैठक मे २०२२ मध्ये दिल्लीस झाली. जानेवारी २०२३ मध्ये भारताने करारात बदल करण्यासाठी नोटीस दिली, ऑगस्ट २०२४ मध्ये दुसरी दिली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी पर्यटकांना ठार मारले, आणि दुसऱ्या दिवशी भारताने जाहीर केले की सीमेपलीकडील दहशतवादाला दिला जाणारा पाठिंबा पाकिस्तान विश्वसनीय आणि कायमच्या रीतीने सोडीपर्यंत करार स्थगित राहील. पाकिस्तानने ही स्थगिती अमान्य केली. बाराव्या कलमात कराराच्या समाप्तीचा एकच मार्ग लिहिलेला आहे: दोन्ही सरकारांनी त्यासाठी नवा करार करून तो विधिवत मंजूर करावा. स्थगितीचा उल्लेख त्या बारा कलमांत कोठेही नाही.