जुन्या कार रेडिओची झिजलेली बटणं पुन्हा नवी कशी करतात?

कर्जत, नेरळ, चौक, खालापूर या पट्ट्यातल्या फार्महाउसच्या शेडमध्ये एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा पहिल्या पिढीतली मारुती ताडपत्रीखाली उभी दिसते. इंजिन सुरू करायला मेकॅनिक मिळतो, पत्रा ठोकून रंगवणारेही मिळतात. अडतं ते डॅशबोर्डपाशी. रेडिओ मूळचाच असतो, कदाचित वाजतोही, पण बटणांवरची अक्षरं पुसलेली असतात आणि बोट लावलं की चिकट थर हाताला लागतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘काढून टाका, टचस्क्रीन बसवू.’

एकदा काढलेला मूळ रेडिओ बहुतेकदा भंगारात जातो आणि नंतर शोधून सापडत नाही. गाडी जपणाऱ्यासाठी ही गोष्ट किरकोळ नाही. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या खासगी गाड्यांना 2021च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. गाडी मूळ रूपात राखलेली असावी, ही त्यातली अट. तिचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनवर आहे. रेडिओ बदलला म्हणून नोंदणी अडेल असं नाही. पण 1974च्या आसपासच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत, आणि अशा गाडीचा जाणकार गिऱ्हाईक डॅशबोर्ड बघतोच.

नेमकं झिजतं काय?

बटण क्वचितच झिजतं. झिजतो तो त्यावरचा थर. नव्वदच्या दशकापासूनच्या, रात्री उजळणाऱ्या बटणांचं प्लास्टिक पारदर्शक किंवा दुधी असतं. त्यावर पांढरा आणि वर काळा रंग देतात आणि लेझरने फक्त काळा रंग उडवून अक्षर काढतात. आतला दिवा त्या अक्षरातून दिसतो. वर्षानुवर्षं अंगठा एकाच जागी पडला की काळा थर विरतो, अक्षराच्या कडा जातात आणि रात्री सगळं बटणच उजळू लागतं.

चिकटपणाची गोष्ट वेगळी. मऊ स्पर्शासाठी दिलेला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. घाटाच्या पायथ्याशी पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि बंद गाडीत दमट हवा महिनोन्‌महिने कोंडून राहते. अशा जागी हा थर लवकर चिघळला तर नवल नाही.

पद्मिनीच्या काळातले रेडिओ याहून सोपे. त्यांच्या नॉबवरच्या रेघा आणि अक्षरं बऱ्याचदा कोरलेली असतात. त्यातला पांढरा रंग गेला असेल तर खाच साफ करून इनॅमल रंग भरायचा आणि वरचा जादा रंग लगेच पुसायचा. मेणाचा पांढरा खडू घासूनही काम भागतं.

काम कसं करायचं?

आधी रेडिओचा कोड शोधायचा. काही कंपनी-फिटेड रेडिओंना चोरीविरोधी कोड असतो. बॅटरीची वायर काढली की रेडिओ तो मागतो, आणि चुकीचा कोड बऱ्याच वेळा टाकला तर कुलूपबंद होतो. गाडीच्या सर्व्हिस बुकमध्ये किंवा त्यासोबतच्या कार्डावर कोड मिळतो. तो हाती असल्याशिवाय बॅटरीला हात लावू नये. नंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून रेडिओ बाहेर घ्यायचा, पुढची पट्टी सोडवायची आणि बटणं काढण्याआधी प्रत्येकाच्या जागेचा फोटो काढायचा.

सफाईला भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश. गॅरेजमध्ये सवयीने थिनर हाती येतो, तो मात्र दूर ठेवावा, कारण एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं. चिकट थर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. पण त्याने उरलेली अक्षरंही जाऊ शकतात, म्हणून आधी अक्षरांचं माप आणि सरळ कोनातून फोटो घेऊन ठेवावा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

नंतर बारीक पॉलिशपेपर, पांढऱ्या रंगाचा पातळ हात, तो पूर्ण वाळल्यावर काळा. पांढरा थर जाड झाला तर दिवा आतच अडकतो, म्हणून मधूनमधून बटणामागे टॉर्च धरून पाहावं. अक्षरं काढायला ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडचं लेझर मार्किंग चालतं. त्याच रंगाचे दोन थर दिलेल्या टाकाऊ तुकड्यावर आधी चाचणी करून घ्यावी. लेझरची ताकद जास्त झाली तर पांढराही जळतो. दिवा नसलेल्या बटणांना पारदर्शक स्टिकर आणि वर लॅकरचा हात पुरतो. चकचकीत क्रोमची बटणं घरी होत नाहीत. स्प्रेचं क्रोम राखाडीच दिसतं.

हे काम जुलै-ऑगस्टमध्ये कर्जतला करू नये. दमट हवेत लॅकर वाळताना त्यावर पाण्याचे सूक्ष्म कण बसतात आणि चमक जाऊन दुधी छटा येते. दिवाळीनंतरची कोरडी दुपार बरी.

बटण सुंदर झालं तरी दाबल्यावर काही होत नसेल, तर दोष रबराच्या गादीत आहे. तिच्या पोटाशी कार्बनचा काळा ठिपका असतो. तो आणि खालची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसल्यावर बहुतेक बटणं जागी होतात. जुन्या यांत्रिक रेडिओंमध्ये मात्र गादीच नसते: बटण बाहेर ओढायचं, हवं ते स्टेशन लावायचं आणि आत दाबायचं, की ते बटण त्या स्टेशनचं होतं.