पडदा काळा कां पडतो?

यंत्र बिघडलें असें म्हणणें सोपें. कोठें बिघडलें हें सांगणें अवघड. आणि एकहि यंत्र बिघडलेलें नसतां काम कां अडतें, हें सांगणें तर सर्वांत अवघड. हल्लीं शहरांतून दिसूं लागलेल्या होम थिएटरचीं, म्हणजे घरगुती चित्रगृहाचीं, गाऱ्हाणीं बहुधा या तिसऱ्या जातीचीं असतात.

जालना शहरांतील एखादें सुखवस्तु घर डोळ्यांपुढें आणावें. कुंडलिकेच्या एका तीराला जुना जालना, दुसऱ्या तीराला नवा. पोलाद आणि बियाणें यांच्या व्यापारानें नांवारूपास आलेलें हें गांव. दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठा दूरचित्रवाणी संच, खालीं कपाटांत केबलचा सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटवरून चित्रपट आणणारी बोटाएवढी स्टिक, मुलांचें खेळाचें यंत्र, आणि या सर्वांच्या मध्यभागीं रिसीव्हर. रिसीव्हर हा या घरचा कारभारी. रिमोटची कळ दाबतांच हव्या त्या यंत्राचा आवाज त्यानें स्पीकरांकडे धाडावा व चित्र पडद्याकडे सोडावें, एवढेंच त्याचें काम. परंतु रविवारीं संध्याकाळीं मंडळी जमावी, कळ दाबावी आणि पडदा काळाच राहावा. सोमवारीं सकाळीं मात्र सर्व सुरळीत चालावें, असा प्रकार पुष्कळ घरांतून घडतो. त्रासलेला गृहस्थ रिसीव्हर उचलून दुकानांत नेतो. तेथें तो निर्दोष चालतो. मग नवा रिसीव्हर येतो, हजारों रुपये जातात, आणि पुढच्या रविवारीं पडदा पुन्हां काळा! हा खर्च टाळतां येण्यासारखा असतो. त्यासाठीं तारेच्या आंत काय चालतें, एवढें मात्र समजलें पाहिजे.

जुन्या पद्धतींत चित्र पाटाच्या पाण्याप्रमाणें वाहत असे. पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन तारा जोडल्या कीं, पाठविणाऱ्यानें पाणी सोडावें व घेणाऱ्यानें तें घ्यावें. घेणारा कोण, त्याची ऐपत किती, याची चौकशी नसे. पाट फुटका असला तर चित्र फिकट दिसे, त्यावर मुंग्या येत, पण कांहींतरी दिसे. डिसेंबर २००२ मध्यें हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन व तोशिबा या सात कंपन्यांनीं एचडीएमआय नांवाची नवी जोडणी जाहीर केली, आणि हा सरळपणा संपला. भारतांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस व २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईस झाला. तेव्हांपासून अनेक वर्षें घरचा संच एकाच तारेवर सुखानें चालला होता. पुढें केबल प्रसारण अंकीय करण्याचा कायदा २०११ सालीं झाला. मुंबई पहिल्या टप्प्यांत आली, औरंगाबाद दुसऱ्या टप्प्यांत, आणि जालन्यासारख्या उरलेल्या शहरांकरितां ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरविण्यांत आली. प्रत्येक घरीं सेट-टॉप बॉक्स आला, त्यामागोमाग इतर यंत्रें आलीं, आणि तारांचें जाळें वाढलें.

एचडीएमआयच्या तारेंत एकोणीस जोड असतात. त्यांपैकीं बहुतेक जोड चित्र व आवाज वाहून नेण्याच्या कामीं लागतात; परंतु भांडणाचें मूळ असतें तें उरलेल्या चार-पांचांत. रेल्वेचा एकेरी मार्ग जालनेकरांना अपरिचित नाहीं. अशा मार्गावर गोळ्याची पद्धत चालत आली. पुढील स्टेशनाची अनुमति मिळून यंत्रांतून गोळा बाहेर पडे, आणि तो हातीं आल्याखेरीज चालक गाडी हालवीत नसे. रूळ ठीक, इंजिन ठीक, डबे ठीक. पण गोळा नाहीं तर गाडी नाहीं. एचडीएमआयचेंहि तसेंच आहे. चित्राची गाडी सुटण्यापूर्वीं दोन्ही टोकांत तीन बोलणीं पुरीं व्हावीं लागतात.

पहिलें बोलणें ओळखीचें. पाठविणारें यंत्र अठराव्या जोडावरून पांच व्होल्टचा दाब पाठवितें. पलीकडे कोणी हजर असल्यास तो एकोणिसाव्या जोडावरून ‘हजर’ म्हणून उत्तर देतो. दुसरें बोलणें ऐपतीचें. प्रत्येक दूरचित्रवाणी संचाजवळ आपल्या गुणांची एक यादी असते. तिला ईडीआयडी म्हणतात. पडदा किती बारीक चित्र दाखवूं शकतो, सेकंदाला किती चित्रें घेऊं शकतो, कोणत्या प्रकारचा आवाज त्याला कळतो, हें सर्व तींत लिहिलेलें असतें. तिसरें बोलणें विश्वासाचें. चित्रपटाची चोरून नक्कल होऊं नये म्हणून एचडीसीपी नांवाचें कुलूप चित्राला लावलेलें असतें. दोन्ही टोकांनीं आपापल्या किल्ल्या दाखवून एकमेकांची खात्री पटविल्याशिवाय तें उघडत नाहीं. शिवाय ही खात्री एकदां पटून भागत नाहीं. या कुलपाच्या जुन्या जातींत दर १२८ चित्रांनंतर, म्हणजे सुमारें दोन सेकंदांनीं, ती पुन्हां पाहिली जाते. मध्येंच एक उत्तर चुकलें तर चालतें चित्र थांबून सर्व बोलणीं आरंभापासून सुरू होतात.

दोघांमध्यें हें सारें क्षणांत उरकतें. अडचण येते ती मध्यें कारभारी आला म्हणजे. सेट-टॉप बॉक्सला रिसीव्हर म्हणजे पडदा वाटतो, आणि पडद्याला रिसीव्हर म्हणजे सेट-टॉप बॉक्स वाटतो. रिसीव्हरला दोहोंकडे दोन तोंडांनीं बोलावें लागतें. पडद्याची यादी वाचून व तींत आपल्या स्पीकरांची भर घालून ती पुढें द्यावी लागते. आणि कळ दाबून यंत्र बदललें कीं, नव्या यंत्राशीं तीं बोलणीं पुन्हां करावीं लागतात. त्यांत भारतांतील प्रसारण सेकंदाला ५० या मोजणीनें चालतें, स्ट्रीमिंगचीं यंत्रें पुष्कळदां ६० वर बसविलेलीं असतात, आणि चित्रपट मुळांत २४ चित्रांचा असतो. मोजणी बदलली कीं पडद्याला नव्यानें जुळवून घ्यावें लागतें. यास्तव कळ दाबल्यावर तीन-चार सेकंद पडदा काळा राहून मग चित्र येत असेल, तर तो दोष नव्हे. ती बोलणीं चाललेलीं असतात. अशा वेळीं घाईनें पुन्हां पुन्हां कळ दाबणारा मनुष्य बोलणीं मोडून टाकतो व दोष यंत्राला देतो.

खरा दोष ओळखावयाचा तो लक्षणांवरून. पडद्यावर पांढरे ठिपके चमकत असतील, किंवा चालू चित्र क्षणभर जाऊन परत येत असेल, तर संशय तारेवर घ्यावा. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्राला सेकंदाला सुमारें साडेचार अब्ज अंक वाहून न्यावे लागतात. त्याच्या चौपट बिंदूंच्या, ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या, चित्राला सेकंदाला साठ या मोजणीनें सुमारें अठरा अब्ज लागतात. जी तार पहिल्या कामाला उत्तम असते ती दुसऱ्याला पुरत नाहीं, आणि लांबी जितकी अधिक तितकी ती लवकर हरते. चित्र मुळींच न येतां नक्कलबंदीविषयीं कांहीं सूचना दिसत असेल, तर तिसरें बोलणें अडलें असें समजावें. २०१३ च्या सुमारास एचडीसीपीची २.२ ही नवी जात आली. फोर-के चित्रपट तीच मागतात. स्टिक नवी, पडदा नवा, पण मधला रिसीव्हर त्यापूर्वींचा असला, तर ही साखळी तेथेंच तुटते. कोणी हात न लावतां संच आपोआप दुसऱ्या यंत्राकडे वळत असेल, तर तें तेराव्या जोडाचें काम. त्यावरून यंत्रें एकमेकांना चालू-बंद होण्याचे हुकूम देतात. या सोईला सीईसी म्हणतात, आणि निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें एकत्र आलीं कीं, हीच सोय गैरसोय होते.

आतां तपासणी. तिचा मुख्य नियम असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलून चित्र आलें, तर कशानें आलें हें कळत नाहीं. प्रथम रिसीव्हरला बाजूस ठेवून सेट-टॉप बॉक्स सरळ पडद्याला जोडावा आणि दोन-तीन दिवस तसाच वापरावा. तरीहि पडदा काळा पडत असेल, तर रिसीव्हर निरपराध ठरला. तसें न झाल्यास तीच तार रिसीव्हर व पडदा यांच्यामध्यें लावून पाहावी. मग दोन मीटरांची दुसरी, चांगली, लहान तार घ्यावी. अठरा अब्जांसाठीं ‘प्रीमियम हाय स्पीड’ असा प्रमाणपत्राचा शिक्का असलेली तार मिळते. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावयाचें असेल, तर प्रकाशाच्या धाग्याची तार येते. पण तिला उलटसुलट असतें, व कोणतें टोक यंत्राकडे हें तिच्यावर लिहिलेलें असतें. तें न वाचतां जोडल्यास चित्र येत नाहीं.

त्यानंतर यंत्रांतील नेमणुका पाहाव्या. सीईसी बंद करून आठवडाभर निरीक्षण करावें. फोर-के खालीं उतरवून १०८० वर आणावें. तेवढ्यानें सर्व सुरळीत झालें, तर एकतर तार अपुरी, नाहींतर पडद्याच्या त्या विशिष्ट भोंकाची शक्ति वाढविण्याची नेमणूक राहिलेली. पुष्कळ संचांत ती प्रत्येक भोंकासाठीं वेगळी करावी लागते. आवाज परत आणणारें, ज्यावर ‘एआरसी’ लिहिलेलें असतें तें, भोंक बहुधा एकच असतें. रिसीव्हर तेथेंच जोडावा. यंत्रांच्या अंतर्गत प्रणालीची नवी आवृत्ति निघाली असल्यास ती भरावी. बोलण्यांतील पुष्कळ घोटाळे कंपन्या मागाहून अशा रीतीनें सुधारीत असतात.

वीज गेली व परत आली कीं सर्व यंत्रें एकदम जागीं होतात. कोणी लवकर विचारतो, कोणी उशिरां उत्तर देतो, आणि ‘हजर’ हा शब्द हरवतो. अशा वेळीं सर्वांचे प्लग काढून पांच मिनिटें थांबावें. नंतर प्रथम पडदा, मग रिसीव्हर, शेवटीं सेट-टॉप बॉक्स या क्रमानें चालू करावें. एवढ्यानें बरें होणारें दुखणें हें खात्रीनें बोलण्याचें दुखणें असतें. तासभर चालून मगच पडदा काळा होत असेल, तर उष्णतेचा विचार करावा. जालन्याच्या वैशाखांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत बंद कपाटांत कोंडलेला रिसीव्हर आजारी पडल्यास नवल नाहीं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तींत पैशाबरोबर जिवाचाहि संबंध आहे. यंत्राच्या धातूला हात लागतांच झिणझिण्या येत असतील, तर चित्राची चिंता सोडून प्रथम वायरमनकडून घराचें अर्थिंग तपासून घ्यावें. अर्थिंग नसलेल्या घरांत चालू यंत्रांमध्यें तार खुपसतांना ठिणगी उडते व एचडीएमआयचें नाजूक भोंक कायमचें जळतें. मग कोणतीहि तपासणी उपयोगाची नाहीं. यासाठीं तार जोडतांना वा काढतांना सर्व यंत्रें भिंतीपाशीं बंद करावीं, आणि शक्य तों सर्वांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी. मराठवाड्यांत मृगापूर्वीं व परतीच्या पावसांत विजांचा कडकडाट मोठा असतो. आकाश भरून येऊं लागतांच, गडगडाट सुरू होण्यापूर्वीं, प्लगाबरोबर छतावरून येणारी डिशची किंवा केबलची ताराहि काढून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावूं नये. प्लग काढला आणि डिशची तार राहिली, तर एक दार लावून दुसरें उघडें ठेवल्यासारखें होतें.

या सर्व कामाला कागद आणि पेन्सिल यांखेरीज फारसें हत्यार लागत नाहीं. कोणत्या दिवशीं, कोणतें यंत्र चालू असतां, कोणती कळ दाबल्यावर, किती वेळ पडदा काळा राहिला, याची आठ दिवस नोंद ठेवावी. ‘कधीं चालतो, कधीं चालत नाहीं’ या तक्रारीवर कारागीर अंदाज करतो, आणि अंदाजाचा खर्च घरधन्याला पडतो. तीच तक्रार ‘स्टिकवरून सेट-टॉप बॉक्सवर येतांनाच, आणि फोर-के असतांनाच’ अशी नेमकी झाली कीं, अर्धी दुरुस्ती तेथेंच होते. व पुष्कळदां उरलेली अर्धी एका लहानशा तारेच्या किंमतींत भागते.